वाऱ्यावर चालणाऱ्या होडीला बॅटरी कशाला?

हा प्रश्न मी बरीच वर्षं इतरांना विचारत असे, आणि उत्तराची वाटही पाहत नसे. आज माझं मत असं आहे की शिडाच्या छोट्या होडीत शिडाखालोखाल कशाची निगा राखायची तर बॅटरीची.

मी राहते मुळशीत आणि माझी पंचवीस फुटी होडी असते रेवदंड्याच्या खाडीत. मध्ये ताम्हिणी घाट. मुळशी तलावाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजगृहात पडतं, वीज करतं आणि कुंडलिकेतून कोलाडवरून रेवदंड्याला समुद्रात जातं. म्हणजे माझ्या घरासमोरचं पाणी माझ्या आधीच होडीपाशी पोचलेलं असतं. पण विजेबद्दल मुळशीकरांच्या मनात एक अढी आहे. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला. हे ऐकत वाढल्यामुळे असेल, शीड म्हणजे विजेच्या कटकटीतून सुटका असं मी मनाशी धरून बसले होते.

दाखला द्यायला दर्यावर्दी अभिलाष टॉमी होतेच. गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएस चालत नाही, सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजत पृथ्वीप्रदक्षिणा करायची. पण सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, तेव्हा त्यांची खबर जगाला मिळत राहिली ती हातात मावणाऱ्या एका सॅटेलाइट यंत्रावरून. नौदलाच्या विमानाने त्यांना शोधलं आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने उचलून घेतलं. ज्यांचं नाव घेऊन मी बॅटरीविरुद्ध वाद घालत होते, त्यांच्याच जिवाचा धागा एका चार्ज असलेल्या बॅटरीला बांधलेला होता. हे कळल्यावरही मी काही दिवस अडून बसले, हेही सांगायला हवं.

मग गेले दुसऱ्या टोकाला. ठेवायचीच तर दणदणीत ठेवू, म्हणून घरच्या इन्व्हर्टरसारखी ट्युब्युलर बॅटरी होडीत बसवायचा बेत केला. ती उंच, वजनाने पन्नास किलोच्या पुढे, आत पातळ ॲसिड. होडी वाऱ्याने कलली की ते सांडायची भीती. त्यात खारं पाणी शिरलं तर विषारी क्लोरीन निघतो. धक्क्यावरचे एक नाखवा एवढंच म्हणाले, “ताई, वारा फुकटचा, मग वजन कशाला विकत घेता?”

त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसले. माझं मत खरं बदललं ते इथे. रात्री नांगर टाकल्यावर डोलकाठीवर पांढरा दिवा हवाच, कारण या खाडीतून साळावच्या बाजूला बार्ज ये-जा करतात. जुना 10 वॅटचा बल्ब रात्रभरात 9-10 ॲम्पिअर-तास खातो. 2 वॅटचा एलईडी जेमतेम दोन. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत ठेवला तर अर्ध्या ॲम्पिअरच्या आत भागतं, बोलताना मात्र पाच-सहा ॲम्पिअर ओढतो. होडीत फ्रीज लावणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. बाकीच्यांनी बॅटरी वाढवण्याआधी दिवे बदलावेत.

शिसे-ॲसिड बॅटरीवर 100 ॲम्पिअर-तास लिहिलेलं असलं तरी वापरायचे 50च. रोज त्याखाली उतरवली की ती लवकर म्हातारी होते. अर्धवट चार्ज ठेवली तर प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग कितीही चार्जिंगला लावा, पूर्वीची ताकद येत नाही. शेवटचे वीस टक्के भरायला तर तासन्‌तास लागतात. धक्क्यावरून निघताना अर्धा तास इंजिन चालवलं म्हणजे झालं, ही समजूत त्यामुळेच फोल आहे. ते काम सोलर पॅनेलचं, आणि त्यावर शिडाची किंवा डोलकाठीची थोडी सावली आली तरी वीज धपकन कमी होते. व्होल्टमीटर पाहायचा तो बॅटरी काही तास निवांत ठेवल्यावर: 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी.

लिथियमला मी श्रीमंतांचं खूळ म्हणत असे. तेही मत थोडं मवाळ झालंय. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी निम्म्याहून हलकी असते, बरीच खोलवर वापरता येते आणि अर्धवट चार्ज राहिली तरी रुसत नाही. पण तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, म्हणून व्होल्टमीटरवर भरवसा ठेवता येत नाही. आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजणारा मीटर लागतो. शिवाय ती इतका करंट ओढते की इंजिनचा जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जिंगची सगळी व्यवस्था बदलायची तयारी नसेल तर शिसं बरं.

मुळशीचा तलाव हीसुद्धा एक बॅटरीच, हे इतकी वर्षं समोर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुंबईची मागणी चढते तेव्हा पाणी सोडायचं, एरवी राखायचं. भिऱ्याला तर 150 मेगावॉटचा एक संच असा आहे की वीज जास्तीची असेल तेव्हा उलटा चालून पाणी पुन्हा वर चढवतो. जुनी अढी यामुळे गेलेली नाही. पण पातळीवर नजर ठेवून हात आखडता घेणारी माणसं तिथे आहेत, एवढं कबूल करते.

पावसाळ्यात होडी वर काढलीत की बॅटरीही घरी आणा. सोडताना निगेटिव्ह तार आधी, लावताना शेवटी. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी पुसून व्हॅसलिन लावा, झाकणांची असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि हवा खेळेल अशा जागी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. लिथियमची असेल तर निम्मी भरून ठेवा. होडी पाण्यातच राहणार असेल तर मात्र तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची तार सोडू नका.