वघईच्या गाडीचं दप्तर

उधन्याच्या गुरुजींनी फाइल माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "परत आणून द्या, भाऊ. झेरॉक्स काढलेली नाही. यातल्या काही कागदांची दुसरी प्रत कुठे असेल असं मला वाटत नाही." गुरुजी मूळचे नंदुरबारकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी उनाईच्या बाजूला शाळामास्तरकी केली आणि निवृत्त झाल्यावर सुरतेत मुलाकडे आले. फाइल साधी, दोरीने बांधायची, खाकी. वर गुजरातीत लिहिलेलं : 'बिलिमोरा-वघई, बंद-चालू'.

सुरत म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात, एक साडी आणि दुसरी महाराजांची स्वारी. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारा खानदेशी मात्र रुळांवरून इथे आला. जळगाव-नंदुरबार बाजू सुरतेला जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली, आणि आजही त्याच मार्गाने माणसं येतच आहेत. सकाळच्या मेमूत उधन्याला चढलो तर डब्यात गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडली. सचिनला औद्योगिक वसाहतीची मंडळी उतरली आणि डबा सैल झाला. मरोली, नवसारी, अमलसाड. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. खिडकीशी बसून फाइल उघडली.

पहिला कागद २०१८चा होता. रेल्वे मंडळाने गुजरातमधले पाच नॅरोगेज मार्ग वारसा म्हणून जपायचं ठरवलं, त्या बातमीचं कात्रण. डभोई-मियागाम, मियागाम-मालसर, चोरंदा-मोटी कोरल, प्रतापनगर-जंबुसर आणि बिलिमोरा-वघई, मिळून २०४ किलोमीटर. त्याच्याच पाठीला टाचणीने लावलेला दुसरा कागद डिसेंबर २०२०चा. पश्चिम रेल्वेवरचे अकरा तोट्यातले मार्ग कायमचे बंद करायचे, आणि त्या यादीत पुन्हा बिलिमोरा-वघई! सुरत जिल्ह्यातला कोसंबा-उमरपाडाही त्याच यादीत. जपायच्या यादीतून बंद करायच्या यादीत जायला या गाडीला जेमतेम सव्वादोन वर्षं लागली. गुरुजींनी दोन्ही कागद एकाच टाचणीत का लावले, ते सांगायला त्यांची गरज नव्हती.

बिलिमोऱ्याला उतरलं की हल्ली बुलेट ट्रेनची गोष्ट निघतेच. मुंबई-अहमदाबाद मार्गाचा पहिला टप्पा सुरत ते बिलिमोरा असा ठरला होता, आणि इथल्या नव्या स्टेशनाच्या रचनेत आमराईची कल्पना वापरली आहे. मला जायचं होतं ते ताशी वीसेक किलोमीटरच्या गाडीने. अडीच फुटी रूळ, डिझेल इंजिन, साधे डबे आणि मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबा. हा काचांचा डबा २०२१ साली गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा आला. पर्यटक त्यात बसतात. मी साध्या डब्यात चढलो, कारण फाइलमधली माणसं तिथेच भेटणार होती.

हे रूळ गायकवाडांचे. बडोद्याच्या या घराण्याला छोट्या गाडीचं वेड फार जुनं. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम रूळ पडले आणि त्यावरून गाडी ओढायला बैल जुंपले. इंजिनं नियमित धावू लागली ती पुढे बऱ्याच वर्षांनी. पुढे सयाजीरावांनी, म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या गोपाळने, राज्यभर असे फाटे पसरवले. बिलिमोरा-वघई १९१३च्या सुमारास सुरू झाली. बडोदा राज्याचा नकाशा समोर ठेवला तरच तिचं कोडं सुटतं. नवसारी प्रांत सलग नव्हताच, ठिगळासारखा विखुरलेला. बिलिमोरा हे गायकवाडांचं बंदर, मध्ये वांसद्याचं छोटं संस्थान, आणि शेवटी वघई डांगात. डांगाचं जंगल इंग्रजांनी १८४२च्या सुमारास भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतलेलं. तीन सत्तांच्या हद्दी ओलांडून ६३ किलोमीटर रूळ टाकण्याचा खटाटोप सागासाठी होता. डांगाचा साग बंदरापर्यंत आणायचा होता.

या काळाची कागदपत्रं शोधायला त्रास नाही. बडोदा राज्य कागदाच्या बाबतीत काटेकोर होतं. आज्ञापत्रिका निघायची, वर्षाचे कारभार-अहवाल छापले जायचे, आणि ते दप्तर आजही वडोदऱ्याला सरकारी अभिलेखागारात आहे. मैल किती, भांडवल किती, उत्पन्न किती, सगळं सापडतं. प्रवासी भेटतो तो फक्त आकड्यात.

गणदेवी गेलं. चिखली रोड गेलं. त्यानंतर गाडी मध्येच थांबली. स्टेशन नाही, सिग्नल नाही. खिडकीतून डोकं काढलं तर पुढे गावरस्ता आडवा. पुढच्या बाजूने एक कर्मचारी उतरला, हातात गुंडाळलेली झेंडी. तो सावकाश चालत फाटकापर्यंत गेला, एक बाजू ओढली, रस्ता ओलांडून दुसरी ओढली, साखळी अडकवली. दोन मोटरसायकली आणि उसाचा ट्रॅक्टर थांबले. ट्रॅक्टरवाल्याने त्याला काहीतरी विचारलं, यानेही उत्तर दिलं, दोघे हसले. मग हिरवी झेंडी. गाडी रस्ता ओलांडून गेली आणि पुन्हा थांबली. त्याने साखळी सोडली, फाटक उघडलं, ट्रॅक्टरला हाताने पुढे जायला सांगितलं आणि धावत येऊन शेवटच्या डब्याला लटकला. पुढच्या फाटकाशी हेच सगळं पुन्हा. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्याला यात अडाणीपणा दिसेल. मला तर ६३ किलोमीटरला तीन तास का लागतात, हे एका फाटकातच कळलं आणि राग आला नाही.

रानकुव्याला दोन बाया टोपल्या घेऊन चढल्या. थोरली माझ्यासमोर बसली. तिची बोली कोकणा, त्यामुळे मराठीत विचारलेलं तिला कळत होतं आणि तिचं निम्म्याहून अधिक मला. डुंगरड्याला जायचं होतं. मी म्हटलं, "मावशी, गाडी बंद होती तेव्हा कशा जायचात?" म्हणाली, जीपने. जीपवाला टोपलीचे वेगळे पैसे घ्यायचा. मार्च २०२०ला टाळेबंदीत गाडी थांबली, पण टाळेबंदी उठल्यावरही ती आली नाही. मग कायमचीच बंद, असं गावात कळलं.

"मोर्चाला गेला होतात?"

"गेले की. कागदावर अंगठा दिला."

"कुठला कागद?"

तिने हात हलवला. साहेबांकडे गेला, एवढंच तिला माहीत.

तो कागद, किंवा त्याच्यासारखा एक, माझ्या मांडीवर होता. गुजरातेत याला आवेदनपत्र म्हणतात. गावोगावी लिहिलं जातं, मोर्चाने मामलतदाराकडे किंवा कलेक्टरकडे नेलं जातं, एका प्रतीवर पोहोच घेतली जाते. गुरुजींकडच्या प्रतीवर शिक्का आहे, सही आहे, तारीख पुसट आहे. मागच्या पानावर नावं आणि जांभळ्या शाईचे अंगठे. काही अंगठे नावाच्या चौकटीबाहेर गेलेले. एका ठिकाणी तर दोघांचे ठसे एकमेकांवर पडलेत. मजकूर मोजका आहे : गरिबांची गाडी आहे, बसचं भाडं परवडत नाही, मुलं शाळेला आणि माणसं मजुरीला याच गाडीने जातात. बाकी कात्रणं. उनाई-बिलिमोऱ्याकडची निदर्शनं, आदिवासी संघटनांची आणि लोकप्रतिनिधींची निवेदनं. मग जुलै २०२१मधली बातमी, सुरतच्या खासदार दर्शना जरदोश रेल्वे राज्यमंत्री झाल्याची. गुरुजींनी ती इथे का चिकटवली असेल, याचा अंदाज वाचणाऱ्याने बांधावा. ४ सप्टेंबर २०२१ला गाडी पुन्हा धावली. शेवटचं कात्रण त्याचंच, आणि त्यातला फोटो नव्या काचेच्या डब्याचा.

आता एक विलायती उदाहरण देतो, कारण ते मला इथे टाळता येत नाही. उत्तर इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल मार्ग बंद करायची नोटीस १९८३ साली निघाली. तिथे मार्ग बंद करायचा तर प्रवाशांच्या हरकती मागवाव्या लागतात. वीस हजारांहून जास्त हरकती आल्या. त्यात एका संस्थापक कार्यकर्त्याच्या रस्वार्प नावाच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता, आणि तो ग्राह्य धरला गेला, कारण तोही भाडं भरून प्रवास करणारा. १९८९च्या एप्रिलमध्ये सरकारने मार्ग चालू ठेवायचं जाहीर केलं. आज त्या मार्गावरच्या गार्सडेल स्टेशनात त्या कुत्र्याचा पुतळा आहे. हसू येतं खरं, पण ही गोष्ट मला सुरतेजवळच्या एका डब्यात बसून ठाऊक आहे ती हरकतींचे कागद मोजले, लावले, सांभाळले म्हणून. समोर बसलेल्या मावशींचा अंगठा कुठल्या कचेरीच्या कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे ना त्यांना माहीत, ना ती कचेरी सांगू शकेल.

आपल्याकडे सार्वजनिक अभिलेखांचा कायदा १९९३चा आहे. कायम जपायचे म्हणून ठरलेले केंद्र सरकारचे कागद पंचवीस वर्षांनी राष्ट्रीय अभिलेखागारात जावेत, अशी त्यात सोय आहे. म्हणजे गाडी बंद करण्याचं २०२०चं पत्र, जर ते 'कायम' वर्गात पडलं तर, २०४५नंतर कुणा संशोधकाला दिसेल. त्या पत्राला लोकांनी दिलेलं उत्तर मात्र कुठल्याच वर्गात बसत नाही. कचेऱ्या वेळोवेळी रद्दी काढतात, आणि अर्ज-निवेदनांचे गठ्ठे त्यात पहिले जातात. शंभर वर्षांनी कुणी या गाडीचा इतिहास लिहिला तर त्याला सयाजीराव सापडतील, रेल्वे मंडळ सापडेल, काचेचा डबा सापडेल. मधले लोक सापडणार नाहीत, आणि तो लिहील की मंडळाने कृपावंत होऊन निर्णय बदलला. हा इतिहास खोटा असेल.

विदर्भातल्या शकुंतलेचं याहून वाईट झालं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही गाडी वाचवण्यासाठी तिकडे माणसांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, मेळावे घेतले. रुंदीकरणाला २०१६ साली मंजुरीही मिळाली. छोटी गाडी तर थांबलीच. त्या चळवळीचे कागदही कार्यकर्त्यांच्या माळ्यांवरच असणार, आणि कार्यकर्ते आता म्हातारे झालेत.

अनावल मागे पडलं. उनाईला गरम पाण्याची कुंडं आणि मातेचं देऊळ, त्यामुळे बरीच गाडी तिथे रिकामी झाली. गुरुजींची शाळा याच बाजूची. केवडी रोडनंतर रूळ झाडीत शिरले. वांसद्याचं राष्ट्रीय उद्यान हेच. पूर्वी हे संस्थानिकांचं खासगी रान होतं. १९५२नंतर इथे कुऱ्हाड लागलेली नाही असं सांगतात. साग इतका जवळ की पानं खिडकीच्या गजांना घासत होती. साग न्यायला आलेली गाडी आता लोकांना साग दाखवायला नेते. काला आंबला कुणी चढलं नाही. डुंगरड्याला मावशी उतरल्या. टोपली खाली द्यायला मी हात लावला, तर म्हणाल्या, राहू दे, सवय आहे.

वघई हा शेवट. लाकडाची वखार, बाजार, थोड्या अंतरावर गिरा धबधबा आणि वनखात्याची मोठी वनस्पती बाग. काचेच्या डब्यातली मंडळी तिकडे गेली. मी बसस्टँडसमोर चहा घेतला. इथून पुढे आहवा, सापुतारा आणि मग नाशिक. रूळ पुढे नाशिककडे न्यावेत ही मागणीही जुनीच. तिचे कागद कुणाकडे आहेत हे चहावाल्याला विचारलं, तेव्हा त्याने बाकावरच्या तिघांना विचारलं, आणि तिघांनी मिळून एका वारलेल्या वकिलांकडे बोट दाखवलं.

परतीच्या गाडीत मी गुरुजींना फोन करून फाइल स्कॅन करायची परवानगी मागितली. त्यांनी दिली, एका अटीवर. अंगठ्यांचं पान आधी करायचं.

सुरत, नवसारी, डांग किंवा नाशिककडच्या ज्या वाचकांकडे या आंदोलनाची आवेदनपत्राची प्रत, पोहोच, पत्रक, सभेचा फोटो, अगदी जुनं तिकीटसुद्धा असेल, त्यांनी त्याच्या मागे तारीख आणि गाव पेन्सिलीने लिहावं. बॉलपेन नको, शाई कागदात उतरते. फोनमधले फोटो छापून घ्यावेत. मग एक प्रत सुरतेच्या नर्मद ग्रंथालयाला किंवा जवळच्या कुठल्याही ग्रंथालयाला द्यावी आणि दिल्याची पोहोच मागून घ्यावी. ग्रंथालयाने नाही म्हटलं तर शाळेला द्या, पण घरातल्या माळ्यावर ठेवू नका.