रोज दोन पाट्या शेण

७ नोव्हेंबर

भातं घरात आली, गवताच्या उडव्या उभ्या राहिल्या, मेस्त्री मोकळे झाले. गोबरगॅसचे खड्डे मारायचे तर आमच्या पिंगुळीत हाच काळ. आधी मारावेत तर खड्ड्यात उपळ फुटतो; शिमग्यापर्यंत थांबावं तर जमिनीत पहार शिरत नाही आणि मेस्त्री बागायतदारांच्या कामांत अडकलेले असतात.

आज वरच्या वाडीतल्या काकींच्या परड्यात आखणी केली. दोन घनमीटरचा, ‘दीनबंधू’ पद्धतीचा. ही रचना १९८४ची. जमिनीखाली विटांचा घुमट, त्यात गॅस साठतो, लोखंडाची टाकी नाही. त्याआधी खादी ग्रामोद्योगवाल्यांची तरंगती लोखंडी टाकी असे. आमच्या दमट हवेत ती काही पावसाळ्यांत गंजे. त्यातली एक टाकी अजून एका घरामागे आहे, तिच्यात कोंबड्या राहतात.

मेस्त्री घुमटाला कोणालाही हात लावू देत नाहीत. “घुमट चुकलो तर गॅस र्‍हवाचो नाय, मगे माझ्या नावान बोंब.” त्यांच्या हाताखाली शिकायला एक मुलगा हवा, म्हणून मी दोन घरी विचारून आले. दोन्ही मुलं गोव्याला कामाला निघालीत.

१५ नोव्हेंबर

झारापला जाऊन आले. महामार्गाने तसं जवळच. भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानचं काम तिथून चालतं. डॉ. प्रसाद देवधर पेशाने डॉक्टर, आणि गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात हजारो गोबरगॅस उभे राहिले त्यात या संस्थेचा मोठा वाटा. त्यांचं मला पटतं ते हे, की सुरुवात चुलीपासून. ‘पर्यावरणपूरक गाव’ हा शब्द आमच्या बैठकीत काढला की बायका पदर सावरून घरी जायची वेळ बघतात. धूर, डोळे, ओलं सरपण म्हटलं की तास जातो.

उज्ज्वला योजना २०१६ ची. सिलिंडर बहुतेक घरी आहे. पण तो पाहुण्यांच्या चहाला. पेज आणि भात चुलीवरच.

२३ नोव्हेंबर

हिशेब फळ्यावर मांडला. दोन घनमीटरला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. ते आत ४० दिवस राहणार असं धरलं, तर पहिल्या भरणीलाच दोन टन शेण! पुस्तकात लिहिलंय चार-पाच जनावरं पुरे. ती पुस्तकातली जनावरं. आमची गावठी गाय लहान चणीची, दिवसभर रानात चरणारी. अर्धं शेण रानातच पडतं.

मग वाडीने शेण उसनं दिलं. साखर, तांदूळ, मीठ उसनं देणं-घेणं असतंच, शेणाचं मी पहिल्यांदा पाहिलं. कोणी पाटी आणली, कोणी घमेलं. कोणाचं किती याची नोंद काकींनी भिंतीवर कोळशाने केली. परतफेड मळीने करायची असं ठरलं, गॅस झाल्यावर बाहेर पडणाऱ्या रबडीने. ती शेणापेक्षा चांगली: वास कमी, माश्या कमी, आणि वालीच्या वेलांना थेट घालता येते.

१० डिसेंबर

व्हाळावर वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती, त्यात माती-वाळू, तोंडं सुतळीने शिवायची आणि आडवी-उभी रचायची. सकाळी आठाला सुरुवात, दुपारी पेजेच्या वेळेला पाणी फुगायला लागलं.

घाटावरचे लोक विचारतात, तुम्हाला कसली पाणीटंचाई? हिवरे बाजारात ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे थेंब थेंब अडवून गाव उभं राहिलं. आमच्याकडे ३००० च्या वर पडतो आणि एप्रिलात बावीचा तळ दिसतो. जांभा दगड पाणी पितोही भराभर आणि सोडतोही. उतार समुद्राकडे. म्हणून इथे डिसेंबरात, वाहतं पाणी असतानाच अडवायचं. एकदा व्हाळ आटला की पोती रचून उपयोग नाही.

मात्र या बंधाऱ्यांची संख्या मोजतात, पाणी किती दिवस टिकलं ते कोणी मोजत नाही. पोती प्लॅस्टिकची. उन्हाने त्यांचे धागे सुटतात, पहिल्या पावसात ते वाहून जातात. पर्यावरणाच्या कामातून आपण दरवर्षी समुद्राला प्लॅस्टिक पाठवतो. मे महिन्यात पोती काढून घ्यायची, असं मी यंदा ठरावात लिहून घेतलं. सगळे हो म्हणाले. मे महिन्यात कोण येतं ते बघू.

१६ डिसेंबर

काकींचा गॅस पेटला. पहिल्या दिवसांचा गॅस जळतच नाही, त्यात कर्बवायू जास्त असतो, तो सोडून द्यावा लागतो. ते माहीत नसल्याने शेजारच्यांनी “फुकट गेला सगळा” असं आधीच जाहीर केलं होतं. आज निळी ज्योत. काकी एवढंच म्हणाल्या, “आवाज नाय गो हेचो.”

४ जानेवारी

गुढीपूरला गेले होते. ठाकर कलाकारांची ही वस्ती. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, सगळं इथलं. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने टिकलेली कला. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सांगता येणार नाही.

इतर गोठ्यांची गोष्ट वेगळी. आमच्या वाडीत रिकामे झाले, त्यांत आता मोटारसायकली आहेत, एकात फ्रीजचं खोकं. नांगराला पॉवर टिलर आला, बैल गेले. मुलं मुंबई-गोव्याला गेली, गाईमागे जायला माणूस राहिला नाही. गोबरगॅसचं सगळं गणित गोठा भरलेला आहे, या एका गोष्टीवर उभं आहे. आणि ज्यांच्या नावावर दोन गुंठे जमीनही नाही, त्यांच्याकडे ना गोठा, ना खड्ड्याला जागा. सर्वांत जास्त सरपण डोक्यावरून आणणाऱ्या बायका त्याच घरांतल्या. योजनेच्या अर्जात पहिला कागद सातबारा.

शेजारच्या दोन घरांत मिळून एक गॅस करावा असं मी सुचवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

२१ जानेवारी

संडास गॅसला जोडायचा विषय काढला आणि बैठक मोडली. “त्या गॅसावर देवाचो नैवेद्य?” हा एका आजींचा प्रश्न. उत्तर सोपं नाही. घुमटात सगळं सारखंच कुजतं हे शास्त्र त्यांना पटवून काय करू?

अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत गोपुरी आश्रम काढला तो १९४८ साली. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणं, सोनखत, खड्ड्याचे साधे ‘गोपुरी संडास’, ज्या कामांना हात लावणं म्हणजे विटाळ, नेमकी तीच कामं या ब्राह्मण माणसाने स्वतःच्या हाताने केली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून उपास धरणारा माणूस! लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणतात, आणि त्यांचं सोनखत विसरतात. आपला जिल्हा २०१६ साली राज्यात पहिला हागणदारीमुक्त झाला, ते खरंच. पण खड्डा भरल्यावर तो उपसणार कोण, हा अप्पासाहेबांचा प्रश्न आजही तसाच शिल्लक आहे. आमच्या ठरावात तो ‘यथावकाश’ या शब्दाखाली गेला.

१७ फेब्रुवारी

माणगा बांबूची रोपं बांधावर लावायची ठरवली. भरीव, बिनकाट्याचा, आमच्या मातीतला. कुडाळच्या एमआयडीसीत कोनबॅक ही संस्था त्याची घरं आणि फर्निचर करते, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून, म्हणजे भुंगेरा लागत नाही. २०१७ पर्यंत कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं, तोडून न्यायचा तर परवान्याच्या फेऱ्या. आता खाजगी जमिनीवरच्या बांबूला ती कटकट नाही. हे काम मला आवडतं, कारण याला रोज कोणी काही घालावं लागत नाही.

९ एप्रिल

जुन्या गॅसांची पाहणी. ज्या घरात म्हातारी आणि गाय दोन्ही आहेत, तिथे चालू. म्हातारी मुंबईला लेकाकडे गेली, तिथे बंद. गाय विकली, तिथे बंद. घुमट मात्र सगळीकडे धडधाकट, मेस्त्रींचं काम चोख. वरच्या कागदात हे सगळे ‘पूर्ण’.

आणखी एक दिसलं: गॅस असलेल्या घरांतही न्हाणीची चूल पेटतेच. आंघोळीचा हंडा तापवायला झावळ्या, सोडणं, पातेरा. स्वयंपाकाहून जास्त जळण तिथे जातं असं माझं मत झालंय. त्यावर योजना नाही, कारण न्हाणीघराकडे बघायची कोणा साहेबाला सवय नाही.

१२ मे

चाकरमानी आलेत. पोती काढायला ठरल्याप्रमाणे कोणी आलं नाही. शेवटी दोन मुंबईकर पोरं हौसेने व्हाळात उतरली आणि बरीच निघाली.

काकींचा गॅस चालू आहे. उसन्या शेणापैकी तिघींची मळी फेडून झाली. चौथी म्हणते माका मिरच्येक होयी, पावसाआधी देऊन टाक.

पुढच्या हंगामाची यादी आली. रकाने: नाव, सातबारा, आधार, बँक खातं, जनावरांची संख्या. मी पेन्सिलने एक रकाना वाढवला, ‘रोज शेण कोण कालवणार’. फिरून विचारलं. बहुतेक घरांत पुरुषांनी सुनेचं नाव सांगितलं. पुढच्या फेरीत सुना घरी असतील अशा वेळी जायचं आहे, दुपारी तीननंतर.