पंपाचं सील तोडू नकोस

चि. बाळ,


तुझा फोन आल्यापासून डोक्यात तुझी गाडीच आहे. रिकामी असली की छान पळते, माल भरून कसारा चढायला लागली की दम टाकते. ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी ओढत नाही, आणि धूरही काळा नाही. एअर फिल्टर चोंदला असता तर तिने काळं ओकलं असतं. इंजिनाला डिझेलच पुरत नाही, असं मला वाटतं. गॅरेजवाला लगेच पंप उतरवून कॅलिब्रेशनला टाकू म्हणतो, त्याला थांबव.

तुझ्या जुन्या टाटाच्या मायको इंजेक्शन पंपाला डिझेल पुरवतो तो त्याच्या बाजूला बसवलेला फीड पंप. कॅमशाफ्ट त्याच्या पिस्टनला एका बाजूने ढकलतो, पण डिझेल पुढे रेटते ती स्प्रिंग. इंजिन कितीही फिरव, स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा जास्त प्रेशर मिळायचं नाही. ती बसली किंवा व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला, की प्रेशर पडलंच.

तरी आधी टाकीकडे जा. झाकणाचं बारीक छिद्र मातीने बुजलं तर गाडी थोडी चालून बसते आणि झाकण सैल केलं की पुन्हा उठते. मग टाकीतली जाळी, प्रायमरी फिल्टर आणि रबरी नळी बघ. ही नळी बाहेरून धड दिसते, आतून फुगलेली असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, त्यामुळे चालत्या गाडीत तिथल्या फटीतून डिझेल गळण्याऐवजी हवा आत शिरते. खाली थेंब नाही म्हणून लाइन चांगली असं धरून चालू नकोस. बँजो बोल्ट उघडलास की कॉपर वॉशर नवेच टाक. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी लावून गाडी चालू कर. बुडबुड्यांची माळ दिसली तर दोष मागे आहे.

त्यानंतर गेज. फिल्टरच्या पुढे, पंपात डिझेल शिरतं तिथे टी टाकून लाव. अशा पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह साधारण 1 ते 1.5 बारला उघडतो. नेमका आकडा तुझ्या पंपाच्या तक्त्यात मिळेल. उभ्या गाडीत काटा बरोबर दिसेल, त्यावर भागवू नकोस. भरल्या गाडीत चढावर बघ, आणि बघायला क्लीनर बसव, तू रस्ता सोडू नकोस. प्रेशर कमी दिसलं तर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, रिटर्नची नळी क्षणभर चिमटीत धर. काटा झटकन वर गेला तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हवर संशय घे. नाही गेला तर फिल्टरच्या आधीचं प्रेशर मोज. तिथे भरपूर असेल तर फिल्टर चोंदलाय, तिथेही कमी असेल आणि मागची लाइन स्वच्छ असेल तर फीड पंप उघड.

डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये गळतंय का, हे कळायला डिपस्टिकही जरूर काढून बघ. ऑइलची पातळी वाढली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी तिथेच बंद कर. पातळ ऑइलवर बेअरिंगं खलास होतात. आणि चालू इंजिनात नोझलच्या पाइपची गळती हाताने चाचपू नकोस. ती धार कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, बाळ.

माझा गेज उद्याच्या एसटीने पाठवतो. रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे लिहून मला फोन कर. तोवर पंपाचं सील कोणालाही तोडू देऊ नकोस.

तुझा,
मामा