शीग

परवा इन्स्पेक्शन रूममध्ये नव्या मुलीनं माझ्या ड्रॉवरमधला मायक्रोमीटर काढला आणि त्याचा रॅचेट नुसताच फिरवत बसली. कट, कट, कट. "काका, हा आवाज कशासाठी?" धाराशिवकडची, डिप्लोमा करून आलेली हुशार पोर. मी म्हणालो, "पुरे झालं, आता दाबू नको, असं सांगतो तो." ती हसली आणि कामाला लागली. माझ्या कानातून मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो आवाज जाईना.

तिचं काम म्हणजे पुसलेला जॉब काचेवर ठेवायचा आणि कळ दाबायची. सरळ ठेवा, तिरका ठेवा, मशीन आपलं आपण ओळखतं. खालून उजेड येतो, वरची लेन्स सावली टिपते. लेन्स टेलिसेंट्रिक, म्हणजे जॉब थोडा वर-खाली असला तरी सावली लहान-मोठी होत नाही. पडद्यावर अठरा मापं एकदम उमटतात. हिरवं ते पास, लाल ते गेलं. सगळा कारभार पाच सेकंदांचा. ह्याच जॉबला मला व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, प्रोजेक्टर असं करत बारा मिनिटं लागायची. म्हणून तर लॉटमधले पाच बघायचे आणि बाकीचे देवाच्या हवाली करायचे. ती एकूण एक बघते. बंद भोकाची खोली त्या सावलीत कळत नाही, तिथं अजून डेप्थ गेजच लागतो. आणि काचेवर चिंधीचा एखादा धागा राहिला तर मशीन त्यालाही जॉबची कड समजतं. हे दोन दोष मी तिला पहिल्याच दिवशी फार आनंदानं दाखवले.

माझा खरा राग वेगळाच आहे. ह्या मशीनशी कुणी भांडत नाही. माझ्याशी पस्तीस वर्षं भांडले. "पुन्हा बघ", "तुझा मायक्रोमीटर पडलाय का", "जेवलास का नीट". आता लाल दिसलं की तेच लोक मुकाट्यानं ट्रे उचलून नेतात.

पण भांडायला जागा होती, हेही खरं. मायक्रोमीटरचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. थिंबलवर पन्नास रेघा. एक रेघ म्हणजे पॉइंट झिरो वन, केसाच्या जाडीचा साधारण सातवा हिस्सा. ती रेघ कुठं थांबते ते तुमच्या बोटांवर. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या अण्णांनी रॅचेटला कधी बोट लावलं नाही, तरी त्यांचं माप चुकायचं नाही. "जॉब सुटला पाहिजे, पण कुरकुर करत," एवढंच म्हणायचे. ती कुरकुर बोटांना कळायला मला दोन वर्षं लागली.

आणि ती कळल्यानंतरच मी तो उद्योग केला. १९८९ चा पावसाळा, भोसरी, रात्रपाळी. बारा मिलिमीटरच्या चाळीस पिना. वरची मर्यादा १२.००. रॅचेटनं बघितलं तर १२.०१. दुसरी, तिसरी, तीच गत. टर्नर समोर उभा. त्याचा त्या आठवड्यातला तिसरा लॉट जात होता, आणि त्याला ठेवायचं की घालवायचं हे ठरायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "जरा दाबून बघ की." मी रॅचेट सोडला आणि थिंबल धरून आवळला. १२.००. चाळीसच्या चाळीस. शिक्का मारला. त्यानं चहा आणला, तो प्यालो.

ह्या सगळ्यात प्रोजेक्टरवाला हार्टनेस मधेच आठवतो. जेम्स हार्टनेस, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा कारखानदार, १९२१ ते १९२३ तिथला गव्हर्नर. पहिल्या महायुद्धात एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याच्या नटात जाईना, तेव्हा आट्यांचं माप घ्यायचं कसं ह्याच्या मागे तो लागला. त्यानं आणि रसेल पोर्टरनं मिळून स्क्रूवर उजेड टाकून त्याची सावली मोठी करून पडद्यावर पाडली. दोघेही दुर्बिणींचे वेडे. हार्टनेसनं स्वतःच्या अंगणात दुर्बीण बांधली होती. पोर्टरचा हात पुढे पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीच्या कामालाही लागला. चांदण्या बघणाऱ्यांनी आमचा प्रोजेक्टर काढला, ह्याचं मला अजून अप्रूप आहे. वीसपट मोठे झालेले आटे पडद्यावर डोंगररांगेसारखे दिसतात. शेजारी कुणी नसलं की मी ते नुसतेच बघत बसायचो. पण माझ्या चाळीस पिनांशी ह्या गोष्टीचा संबंध एवढाच, की त्या रात्री प्रोजेक्टरचा दिवा गेला होता. सावली काही दाबता येत नाही.

तक्रार आली नाही. आली असती तर बोलणी खाऊन मोकळा झालो असतो आणि विसरलोही असतो. त्या पिना कुठल्या पंपात, कुठल्या बिजागरीत गेल्या कोण जाणे. कुठंतरी त्या जोर करून ठोकून बसवल्या असतील. टर्नर राहिला. पुढे सेट झाला, मुलीच्या लग्नाला बोलावलं, मी गेलो नाही.

"दाबून" हा शब्द आमच्या घरातही होता. बार्शीकडच्या आमच्या गावात काढणीला आलेल्या बायकांना मजुरी ज्वारीत द्यायची. सरकारनं १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, तरी माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर शेरच चालायचा. वडील मोजायचे तेव्हा मापावर तळहात फिरवून सपाट करायचे. आडत्याकडे आमचीच ज्वारी मोजली जायची तेव्हा तो आधी पोत्यात हात घालून दाणे उकरायचा, तोंड वाकडं करायचा, मग माप दाबून दाबून भरायचा. दाबलं की मापात जास्त मावतं, आणि वहीत मात्र तेवढंच लागतं. वडील घरी येऊन त्याच्या नावानं बोटं मोडायचे आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर पुन्हा तळहात फिरवायचे.

ते बाहेर गेले की माप आईच्या हातात यायचं. ती दाबायची नाही, सपाटही करायची नाही. मापावर ज्वारीची शीग चढू द्यायची, अगदी दाणे घरंगळायला लागेपर्यंत. मोजणी म्हणायचं काम माझं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. मी उंबऱ्यावर बसून ओरडायचो, लाभ, दोन, तीन; आणि माप समोरच्या पदरात उलटं होईपर्यंत आई त्याच्याखाली दुसरा हात धरून असायची. त्या हातावर पडलेले दाणेही ती शेवटी त्याच पदरात झटकायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "तीनच म्हण."