इस्त्री आणि ठिगळ

सेमिनरीत आमचे एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांचा पांढरा झगा सदैव स्वच्छ; कोपरावर मात्र नेटके ठिगळ. त्यांच्याकडे पाहून मीही पोशाखाची शिस्त अंगी बाणवली. गेल्या पावसाळ्यात कुडाळच्या बाजारात एक म्हातारी चिखलात पडली. तिला उठवताना झगा मळेल म्हणून मी क्षणभर थबकलो. त्या क्षणाची अजून लाज वाटते.

गांधीजींनीही १८८८ साली विलायतेस गेल्यावर साहेबांच्या अनुकरणाने उंची पोशाख शिवून घेतला होता. पुढे १९२१ साली मदुराईत गोरगरिबांकडे पाहून त्यांनी केवळ पंचा स्वीकारला. आपण कोणाकडे पाहतो, त्यावर पोशाख ठरतो आणि मनही. प्राध्यापकांच्या झग्याची इस्त्री मी उचलली; ठिगळ उचलायचे राहूनच गेले.