जुने द्या, नवे घ्या

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या निपाणीच्या घरी अंघोळीचे पाणी तांब्याच्या घंगाळात काढीत. त्या घंगाळाला चीर गेली आणि पाणी झिरपू लागले तेव्हा मी सातवीत होतो. नवे घ्यायचे तर जुने मोडीत घालणे आले. तांबटाकडे जाण्याआधी आईने घंगाळ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर चढवले आणि वजन मला वहीत लिहून ठेवायला सांगितले. मग दोन ठिकाणी मोडीचा भाव विचारला. ज्याच्याकडून नवे घ्यायचे त्याच्याकडे ती शेवटी गेली. "तराजू त्याचा असतो रे, निदान वजन तरी आपलं ठाऊक असावं," ती म्हणाली. तांबटाने घट धरली, मजुरी लावली. आईने दोन्ही आकडे वेगवेगळे सांगायला लावले आणि मगच कमरेची पिशवी सोडली.

पुढे मी एम. ए. झालो, मुख्याध्यापक झालो. पण हा धडा ऐन वेळी आठवला नाही. शाळेतले बारा संगणक जुने झाले होते. एका विक्रेत्याने योजना आणली : जुने द्या, प्रत्येकी अडीच हजार वजा करून नवे घ्या. 'हळे कब्बिण' अशी हाळी देत फिरणारा भंगारवालाच ज्यांना नेईल असे मी धरून चाललो होतो, त्यांचे चक्क तीस हजार! मी आनंदाने सही केली. दोन महिन्यांनी बेळगावच्या एका स्नेह्यांची गाठ पडली. त्यांच्या संस्थेने तेच संगणक घेतले होते. आम्ही जुने देऊन वर जेवढी रक्कम मोजली, तेवढ्याच रकमेत. आणि जुने काहीही न देता! म्हणजे आमचे अडीच हजार आधी किमतीत चढवले होते आणि मग उदारपणे वजा केले होते. शाळेच्या त्या निधीत विडी कामगार पालकांनी शंभर-शंभर रुपये घातलेले. समितीच्या बैठकीत एका वृद्ध सदस्यांनी एवढेच विचारले, "सर, मग आपली बारा यंत्रं फुकटच गेली म्हणायची?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणूनच बेळगावात अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या सुट्टीत येऊन "काका, ग्राफिक्स कार्ड बदलायचंय" म्हणाला, तेव्हा मी कान टवकारले. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारा हा भाग आता कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितेही करतो. त्याच्या प्रकल्पाला आठ जीबीचे कार्ड अपुरे पडत होते, सोळा जीबीचे हवे होते. दुकानदार जुन्याचे नऊ हजार द्यायला तयार होता.

"कार्ड बनवणारी कंपनीच जुने परत घेत नाही का?" मी विचारले. त्यावर त्याने ईव्हीजीए या अमेरिकन कंपनीच्या 'स्टेप-अप' योजनेची हकिगत सांगितली. कार्ड घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत वरच्या दर्जाचे हवे असल्यास नाव नोंदवायचे. पाळी आली की जुन्याची बिलातली किंमत पूर्ण धरून फरक आणि पाठवणीचा खर्च तेवढा भरायचा. ऐकायला सोन्यासारखी योजना. पण ती ठरावीक देशांपुरतीच होती. शिवाय सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाचे ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरला जाहीर झाले आणि जगभर टंचाई पडली. पाळीची रांग लांबत गेली. त्या टंचाईच्या काळात वापरलेली कार्डेही बिलापेक्षा चढ्या भावाने विकली जात होती, कारण इथेरियम हे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोक मिळेल ते कार्ड उचलत होते. अशा वेळी जुने बिलाच्या भावाने परत देणे म्हणजे तोटाच. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ते खणणेच बंद केले. वापरलेली कार्डे बाजारात आली, भाव उतरले. आता बिलाची किंमत मिळणे फायद्याचे ठरले असते. पण त्याच महिन्यात ईव्हीजीएने ग्राफिक्स कार्डांचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले!

मला आईचे घंगाळ आठवले. मोडीचा भाव चढता असेल तर वस्तू स्वतः विकावी. उतरता असेल आणि समोरचा जुन्या बिलाला मान देत असेल, तर खुशाल बदलून घ्यावी. मी पुतण्याला तीन आकडे आणायला सांगितले. जुने बाहेर कितीला जाईल, नवे रोखीने इतरत्र कितीला मिळेल, आणि अदलाबदलीत हातचे किती सुटेल. आठवड्याने तो हिशेब घेऊन आला. वसतिगृहातला एक विद्यार्थी जुन्याचे तेरा हजार देत होता. नवे दुसऱ्या दुकानात हजाराने स्वस्त होते. म्हणजे पाच हजारांचा फरक.

दुकानदाराला लबाड म्हणण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक शोधणे, उद्या कार्ड बिघडले तर बोल ऐकणे, ही जोखीम तो घेतो आणि तिची मजुरी लावतो. ज्याला वेळ नाही त्याने ती जरूर द्यावी. फक्त किती देतो आहोत हे ठाऊक असावे. पुतण्याला वेळ होता. त्याने कार्ड वसतिगृहातच विकले, आणि त्या मुलासमोर ते तासभर चालवून दाखवले, हे मला विशेष आवडले.

तेव्हा घेतलेले घंगाळ अजून आमच्या न्हाणीघरात आहे. या दिवाळीनंतर शाळेचा प्रिंटर बदलायचा आहे. प्रत्येक विक्रेत्याकडून मी दोन दरपत्रके मागवली आहेत : एक जुना देऊन, एक न देता. ती दोन्ही समितीपुढे ठेवीन, आणि त्या वृद्ध सदस्यांनी आधी वाचावीत अशी विनंती करीन.