मुलांच्या हातचा ऑपेरा

ऑपेरा म्हणजे पाश्चात्यांचें संगीत नाटक, इतपत ओळख आपल्या सुशिक्षित कुटुंबांस असते. तो मुलांच्या अंगवळणीं कसा पाडावा, हें बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकारानें करून दाखविलें.

१९४९ सालीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑल्डबरो गांवीं त्याचा 'लेट्स मेक ॲन ऑपेरा' हा खेळ प्रथम झाला. पूर्वार्धांत मोठीं माणसें व मुलें मिळून एक ऑपेरा बसवितात. उत्तरार्धांत तोच ऑपेरा, 'द लिट्ल स्वीप', रंगभूमीवर येतो. धुराडीं झाडण्यासाठीं बापानें विकलेला आठ वर्षांचा सॅम धुराड्यांत अडकतो. घरांतील मुलें त्यास दोरानें ओढून काढतात, न्हाऊं घालतात, लपवितात आणि अखेर पेटाऱ्यांत घालून त्याची सुटका करितात. मधून मधून गद्य संभाषणें असल्यामुळें आमच्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकास तो परका वाटूं नये.

यांतील चार गाणीं प्रेक्षकांनीं म्हणावयाचीं असतात, व त्यांची तालीम वाद्यवृंदाचा संचालक आधींच घेतो. आईबाप, आजोबा, सारे विद्यार्थी! रात्रीच्या गाण्यांत प्रेक्षकांचे चार भाग पडतात. कोणी घुबड, कोणी बगळा, कोणी होला, तर कोणी चॅफिंच नांवाचें चिमुकलें पाखरूं. पहिलेंच गाणें पांच मात्रांचें आहे. मुलांसाठीं म्हणून सोपा ठेका देण्याचा मोह ब्रिटननें आवरला, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. झपतालाची संवय असलेल्या आपल्या कानांस पांचाचें एवढें अप्रूप नसेल.

१९५८ सालच्या 'नोईज फ्लड' मध्यें तो याहून पुढें गेला. ही बायबलांतील जलप्रलयाची कथा. आपणांस मत्स्यावतार आठवेल. प्रथम प्रयोग ऑर्फर्डच्या चर्चमध्यें झाला. पशुपक्षी मुलेंच, आणि वाद्यवृंदांतहि मुलांचाच भरणा. ज्यास व्हायोलिन जेमतेम धरतां येतें, त्याच्यासाठींहि मोकळ्या तारांचा सोपा भाग लिहिलेला आहे. पावसाच्या थेंबांचा नाद कसा काढावा, हा प्रश्न होता. तेव्हां इमोजेन होल्स्ट या संगीतज्ञ बाईंनीं ब्रिटनला आपल्या स्वयंपाकघरांत नेलें आणि दोरीस टांगलेले चिनी मातीचे पेले लांकडी चमच्यानें वाजवून दाखविले. जलतरंगाचे हे दूरचे आप्तच!

मुलाच्या हातीं दिलेलें हें काम खोटें नाहीं. त्याचा पेला वाजला नाहीं तर पाऊस सुरू होत नाहीं. आपण मात्र मुलांस गाण्याच्या बैठकीस नेतों, 'गप्प बैस' म्हणून दटावतों, आणि पुढें तीं गाण्यापासून दुरावलीं कीं काळास दोष देतों. शब्दरूपेंसुद्धां मुलें केवळ ऐकून शिकत नाहींत, म्हणून शिकतात.

घरीं प्रयोग करावयाचा तर पेले लहानमोठे, जाडपातळ असे निरनिराळे घ्यावे, कानांवर टांगावे आणि चमचा लांकडीच वापरावा. आधीं एकच पेला, मग दुसरा, मग सर. थांबतांनाहि एकदम थांबूं नये. ब्रिटनचें वादळ शमतें तेव्हां तेच थेंब पुन्हां ऐकूं येतात.